अंगणातलं जागरण

नगरकडे नाचगाण्याचा जुना इतिहास कुठे सापडेल असं विचारलं, की जाणकार माणसं बागांकडे बोट दाखवतात. खोटं नाही ते. निजामशाहीनं नगराभोवती बागा लावल्या, बागांत तळी केली, तळ्यांच्या मधोमध महाल उठवले. शहराच्या आग्नेयेला फराहबाग; तिचा महाल १५८३ साली पुरा झाला. आणि उत्तरेला, आमच्या नागापूरच्या अलीकडे सावेडीच्या अंगाला, हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. ती त्याच्याही आधीची, १५०६च्या सुमाराची. अष्टकोनी महाल, भोवती पाणी, पाण्याभोवती झाडी. 'हश्त बिहिश्त' हे नाव आमच्या लोकांच्या तोंडात घासून घासून 'भिस्तबाग' झालं. आता भिस्तबाग म्हटलं की दुकानं नि फ्लॅट डोळ्यांपुढे येतात. आमच्या लहानपणी ते पडकं होतं, आणि पोरं तिथं शेळ्यांमागे जायची.

या बागांत मैफली झाल्या, नाच झाले. निजामशाहीत वाढलेला आणि मूर्तझा निजामशहाच्या पदरी असलेला फरिश्ता हा इतिहासकार त्या दरबाराची एक गोष्ट सांगतो. मूर्तझाचं मन एका नर्तकीवर बसलं. विजयनगरच्या रामराजाचा १५६५ साली तालिकोटला पाडाव झाला, त्या लुटीत आलेले मौल्यवान हार तिनं मागितले. वजीर सलाबतखानानं मन मोठं केलं नाही. खरे दडवून दुसरेच पाठवले. शहाला कळलं. त्यानं सगळं जडजवाहीर एका गालिच्यावर मांडायला लावलं, तरी खरे हार दिसेनात, तेव्हा त्या ढिगाला आग लावून तो निघून गेला. तेव्हापासून लोक त्याला दिवाणा म्हणू लागले.

ह्या गोष्टी मी मोठेपणी वाचल्या. नागापुरात त्यातली एकही कुणाला ठाऊक नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. त्या बागेत आमच्यापैकी कुणी गेलं असेल तर हातात खुरपं घेऊनच गेलं असणार. म्हणून नाचगाण्याचा इतिहास वाचताना मला नेहमी एकच विचारावंसं वाटतं. नाचत कोण होतं ते लिहिलेलं असतं, पैसे कुणी दिले तेही असतं. समोर बसून बघत कोण होतं?

हाच प्रश्न तमाशाला लावून बघा. आपला जिल्हा तमाशाचा जिल्हा. संगमनेरचा अनंत फंदी पेशवाईतला नामांकित शाहीर. त्याच्याबद्दल सांगतात, की अहिल्याबाई होळकरांनी त्याचं कवन ऐकलं आणि ब्राह्मण असून तमाशात कसा, असं त्याला विचारलं; त्यानं तिथंच डफ टाकला आणि पुढे कीर्तनं केली. अहिल्याबाईही आपल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. पुढे त्याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांबरोबर तमाशात उभी राहिली. तोवर बोर्डावर नाच्या पोऱ्या लुगडं नेसून नाचायचा. पवळेला लोक तमाशातली पहिली स्त्री कलावंत मानतात. लहानपणी तिला खंडोबाला वाहिलेलं होतं, हे ध्यानात असू द्या. त्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

म्हणजे तमाशात बाई नाचायला आली. बघायला मात्र नाही आली. जत्रेत कनातीच्या आत सगळी गडी माणसं. घरचा कर्ता तमाशाला जायचा, त्याचा पोरगा जायचा, सालगडीसुद्धा जायचा. घरातली बाई रात्री उंबऱ्यात कंदील ठेवून वाट बघायची, आणि सकाळी नवरा ज्या गाण्याची ओळ गुणगुणत गुरं सोडायचा ती कानानं टिपायची. माझ्या आजीनं उभ्या जन्मात तमाशा पाहिला नाही. आईनं पाहिला तो शहरात, सिनेमात. गल्लीतल्या चारचौघींना विचारलं तर तीच तऱ्हा.

आणि तरीही आजीला वाद्यांची पारख होती. तुणतुण्याची तार किंचित उतरली तरी तिचं कपाळ आठ्यांनी भरायचं. ही पारख तिला आली कुठून? आमच्या अंगणातून.

---

अंगण म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण आता वाचणाऱ्यांत ते पाहिलेले कमी. आमचं घर माळवदाचं. पुढे ओसरी, ओसरीपुढे शेणानं सारवलेलं अंगण, त्याला मातीचं पडवं कुसू. बाग म्हणावी असं काही नव्हतं. एका कोपऱ्यात कडुलिंब, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले दोन शेवगे, गवती चहाचं एक बेट, मोगऱ्याचं एक रोप आणि मधोमध तुळस. सुगीत तिथंच कणसं वाळायची, लग्नात तिथंच मांडव पडायचा. आणि लग्न झालं की पाचव्या-सातव्या दिवशी, नवी नवरी नांदायला आली की, तिथंच जागरण.

आमच्या भागात बऱ्याच घरांना दोन देणी असतात. भवानीचा गोंधळ आणि खंडोबाचं जागरण. देवी तुळजापूरची, पण ती आम्हाला लांबची वाटत नाही. दसऱ्याला तिची पालखी जाते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून. खंडोबा जेजुरीचा, पण पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे, पौष पौर्णिमेला त्याची मोठी यात्रा भरते. ज्याला जेजुरी झेपत नाही तो कोरठणला जातो. गोंधळात सगळे पुरुष. संबळ वाजते, दिवटी पेटते, गोंधळी गावोगावच्या देवांना नावानिशी हाका मारून बोलावतो. ऐकायला झकास. पण बायकांची खरी रात्र जागरणाची, कारण जागरणात वाघ्याबरोबर मुरळी असते.

संध्याकाळी दिवेलागणीला मंडळी यायची. दोन वाघे, एक किंवा दोन मुरळ्या, एखादा टाळकरी. वाघ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, कवड्यांचा गाठा, हातात कोटंबा. ओसरीवर त्यांना घोंगडी टाकली जायची. चहा झाला की वाघ्या चौक मांडायला बसायचा. पाटावर नवं कापड, त्यावर तांदूळ, घट, देवाचे टाक. वर पाच उसांचं मखर. ऊस नसला तर जोंधळ्याची ताटं. दुष्काळात, १९७२ साली, ताटंही नव्हती. कुणीतरी शेवग्याच्या पाच फांद्या तोडून बांधल्या आणि वाघ्यानं काही हरकत घेतली नाही. देवाला परिस्थिती कळते, एवढंच म्हणाला.

मग तळी. पाच गडी गोल बसून ताम्हन उचलणार, ताम्हनात पानसुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा. 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत तीनदा वर, तीनदा खाली. इथवर सगळं गड्यांचं. त्यानंतर जेवणं, आणि दहाच्या पुढे दिमडी कडाडली की अंगण बायकांचं व्हायचं.

बसायची पद्धत ठरलेली होती. चौकाजवळ नवरा-नवरी, गाठ बांधलेली. मागे घरचे पुरुष. त्यांतले निम्मे बारापर्यंत उठून कुसवाजवळ तंबाखू मळत बसायचे, कारण त्यांना तमाशाची सवय, जागरण त्यांना अळणी लागायचं. ती मोकळी झालेली जागा मग बायका भरून काढत. ओसरीवरच्या खाली सरकत, चुलीजवळच्या हात पुसत येत, भिंतीपलीकडच्या घरातल्या पोरंबाळं काखेला मारून येत. आमंत्रण कुणाला लागत नसे. दिमडी ऐकू आली हेच आमंत्रण.

आता इथं एक गोष्ट झाकून चालणार नाही. सगळ्यांना आमंत्रण नसायचं. खालच्या वस्तीतल्या बाया कुसवाच्या बाहेर, बैलगाडीच्या आडाला उभ्या राहून ऐकत. आणि गंमत अशी, गंमत कसली, की आत चौकासमोर जी मुरळी नाचत होती ती कित्येकदा त्याच वस्त्यांतून आलेली असे. एका रात्रीपुरती तिला अंगणाच्या मधोमध जागा. तिच्या मावशी-बहिणींना कुसवाबाहेर. लहानपणी हे मला दिसत होतं, खुपत नव्हतं. गावातल्या कुणाला खुपत होतं असंही आठवत नाही.

---

कथा लागायची ती बानूची. जागरणात कथा अनेक असतात, पण आमच्या अंगणात फर्माईश कायम हीच. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो आणि हरतो. पणाप्रमाणे त्याला बारा वर्षं घर सोडायचं असतं. तो जातो चंदनपुरीला, मालेगावकडे, बानू धनगरणीच्या वाड्यावर. म्हातारा गडी होऊन तिची मेंढरं राखतो. मेंढरं मारतो, पुन्हा जिवंत करतो, आणि त्या चमत्काराच्या बदल्यात बानूचा हात मागतो. मग तिला घोड्यावर घेऊन जेजुरीला येतो, आणि पुढे सवतीचं भांडण.

देवाच्या लग्नाची गोष्ट, पण ऐकणाऱ्या बाया ती देवाची म्हणून ऐकत नव्हत्या. म्हाळसा वाण्याची लेक, सोवळी, घरंदाज. बानू धनगराची, उन्हातान्हातली, तोंडाची तिखट. मुरळी एकदा म्हाळसा व्हायची, एकदा बानू. पदर खोचला की बानू, पदर डोक्यावर आला की म्हाळसा. एवढ्यावर भागायचं. दोन मुरळ्या असल्या तर मग विचारू नका. घाटी वाजवत एकमेकींच्या अंगावर जायच्या आणि वाघ्या मधे सापडलेला खंडोबा होऊन दोघींच्या शिव्या खायचा. बायका हसून लोळायच्या. ज्या घरात दोन बायका नांदत होत्या, त्या घरच्या थोरली आणि धाकटी दोघीही बसलेल्या असायच्या, एक ह्या खांबाला, एक त्या खांबाला. मुरळीला ते बरोबर कळायचं. भांडणातला एखादा फटका ती ह्या खांबाकडे बघून हाणायची, पुढचा त्या खांबाकडे. गावात दिवसाढवळ्या जे कुणी बोलू शकत नव्हतं ते रात्री एक वाजता घाटीच्या तालावर सगळ्यांसमोर बोललं जायचं, आणि सकाळी कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. देवाचं होतं ना ते.

आमच्या जिल्ह्यात या भांडणाला आणखी एक पीळ आहे. म्हाळसेचं माहेर नेवाशाचं, असं परंपरा सांगते. नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे आणि म्हाळसा हा मोहिनीचाच अवतार मानतात. त्यामुळे आमच्याकडच्या बायका म्हाळसेची बाजू घ्यायच्या. आजी ठासून म्हणायची, "आपली नेवाशाची पोर हाये ती. गडावर वर ऱ्हाती. ती दुसरी निम्म्या वाटंवर." जेजुरीला म्हाळसा खंडोबाशेजारी गडावर आहे आणि बानूचं देऊळ गड चढताना अर्ध्यावर लागतं, हे खरंच आहे. पण आमच्या घरी मेंढरं घेऊन वाड्याला येणारी एक धनगरीण होती, तिला ही वाटणी मान्य नव्हती. "अर्ध्या वाटंवर असंना," ती म्हणायची, "देवाला वर जाताना आन् खाली येताना दोन्ही बारीला तिच्याच दारावरून जावं लागतंय." यावर आजीला काही सुचायचं नाही. दर जागरणाला हा वाद नव्यानं व्हायचा.

पहाटे चारच्या सुमाराला आवाज बसायचे आणि गाणं खरं लागायचं. लाऊडस्पीकर नव्हता, वाघ्याचा घसा, दिमडी, तुणतुणं, घाटी, एवढ्यावर रात्र निघायची. माझं मत विचाराल तर अंगणाच्या मापाचंच ते गाणं होतं. कुसवाच्या आत पूर्ण ऐकू यावं, दोन आळ्यांपलीकडे नुसती दिमडी जावी. गाणाऱ्याला ऐकणाऱ्याचं तोंड दिसायचं, डुलकी लागलेली दिसायची, आणि मग तो त्या डुलकी लागलेल्याचं नाव गाण्यात घालून त्याला उठवायचा.

उजाडायला लंगर. लोखंडाची साखळी ताणून धरायची आणि वाघ्यानं एका हिसक्यात तोडायची. तुटली म्हणजे देवानं मानलं. मग आरती, आणि मग वाघ्या अंगणातल्या एकेकाच्या कपाळाला भंडारा लावत फिरायचा.

आजी विधवा होती. तिशीच्या आत झालेली. हळदीकुंकवाला ती मागच्या दारी बसायची, लग्नाच्या मांडवात पुढे येत नव्हती, नवरीची ओटी भरत नव्हती. मुरळीची ओटी भरायची वेळ आली की तीही भरायची माझ्या चुलतीनं. खण, नारळ, मूठभर तांदूळ; मुरळीचा नवरा देव, देव मरत नाही, म्हणून ती कायमची सवाशीण. ते सगळं आजी लांबून बघायची. पण भंडारा लावताना वाघ्या कुणाला वगळत नव्हता. तो आजीपुढे यायचा, "आई, मान वर करा," म्हणायचा, आणि तिच्या कपाळावर ती पिवळी हळद आडवी ओढायचा. त्या दिवशी आजी कपाळ धूत नसे. दुपारी भाकरी थापतानासुद्धा ते पिवळं कपाळ तसंच. माझ्या घरच्या इतिहासातली ही एवढीच गोष्ट मला कुठल्याही महालापेक्षा मोठी वाटते.

---

पण मुरळीचं काय, हा प्रश्न उरतोच. घरातल्या बायकांना ती रात्र मिळत होती ती एका बाईला घर नाही म्हणून.

नवसाची पोर खंडोबाला वाहायची, भंडारा उधळून देवाशी तिचं लग्न लावायचं आणि तिनं जन्मभर देवाच्या नावानं मागून खायचं, अशी ती चाल. वाघ्यांत घरवाघ्या असतो, नवस फिटेपर्यंत वारी मागून पुन्हा संसाराला लागणारा. दारवाघ्या असतो, कायमचा दारोदार हिंडणारा. मुरळीला घरमुरळी होऊन परत संसारात जाण्याची वाट अशी सोपी नव्हती. देवाच्या नावाखाली तिचं पुढे काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या आपल्या पत्रातून या चालीवर कोरडे ओढले, मुरळ्यांची लग्नं लावून द्यायला घेतली. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही तिच्याविरुद्ध मोहीम चालवली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा झाला. महाराष्ट्राचा नवा, कडक कायदा २००५चा. कांबळ्यांचं काम बघा: ते आणि त्यांची माणसं ज्या समाजातून बहुतेक मुरळ्या सोडल्या जायच्या त्याच समाजातली. कुसवाबाहेर उभ्या असलेल्यांनीच आधी आवाज उठवला. अंगणात बसलेल्यांनी नाही.

आमच्या घरी येणारी मुरळी चाळिशीची असेल. आवाज जाड, पण काय फिरायचा! एकदा पहाटे ती विहिरीवर पाय धुवायला गेली असताना आजीनं तिला विचारलेलं मी ऐकलं, "तुला ग लेकरं?" ती म्हणाली, "हायेत की दोन. शाळंत घातल्यात. देवाला न्हाई दिली." बस, एवढंच. आजीनं घरात जाऊन पायलीभर बाजरी आणली आणि तिच्या पदरात ओतली. ती ओटी नव्हती, त्यामुळे विधवेनं दिली तरी चालत होतं.

तमाशाच्या पवळेलाही असंच वाहिलेलं होतं, हे वर आलंच आहे. तीच बाई, तेच घुंगरू. अंगणात आली की तिची ओटी, फडात उभी राहिली की तिच्यावर दौलतजादा. अंगणात तिच्या समोर बाया बसलेल्या असत म्हणून हा फरक पडत होता, असं मला वाटतं. पायलीभर बाजरी घेऊन येणारी आजी फडात कधीच पोचली नसती.

याची उलटी बाजू मी राहुरीकडे पाव्हण्यांच्या मळ्यात पाहिली. प्रवरेच्या पट्ट्यात पाणी होतं. १९५०च्या सुमाराला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, उसाला पैसा आला, आणि काही मळ्यांत बंगले झाले. बंगल्यापुढे खरोखरची बाग: गुलाब, हिरवळ, फरशीची वाट. त्या बागेत बैठकीची लावणी ठेवायची हौस काहींना होती. थेटरातून पार्टी बोलवायची, गाद्या-लोड टाकायचे, निवडक पाहुणे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मला बायकांबरोबर मागच्या दाराला ठेवलं. पुढे घुंगरू वाजत होते, मागे चुलाणावर मटणाचं पातेलं. मालकीणबाई तांबडा रस्सा ढवळत होत्या आणि ढोलकीचा तोडा आला की त्यांचा हात थांबत होता. कुणी काही बोललं नाही. मूर्तझाच्या बागेत आणि त्या बागेत चारशे वर्षांचं अंतर, पण मागच्या दारी तोच अंधार.

---

नागापूरचं अंगण गेलं कसं, ते थोडक्यात सांगतो. फार सांगण्यासारखं त्यात नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे आमच्या शिवारात मनमाड रस्त्याला लागून एमआयडीसी आली. जमिनी गेल्या, पैसे आले, पोरांना तीन पाळ्यांच्या नोकऱ्या लागल्या. पाळीला जाणारा माणूस रात्रभर जागू शकत नाही. सकाळी सातला यंत्रावर उभं राहायचं तर पहाटे लंगर कोण बघणार? भावाभावांत घर वाटलं गेलं, प्रत्येकानं आपापल्या वाट्यात खोल्या चढवल्या. कडुलिंब वाटणीच्या रेषेवर आला म्हणून तोडला. गाव नगर शहराला चिकटलं, २००३ साली शहराची महानगरपालिका झाली, आणि जागरणं मंगल कार्यालयांत आणि हिरवळ लावलेल्या लॉनवर गेली.

त्याआधीच माइक आला होता. कॅसेटींचं राज्य आलं. छगन चौगुल्यांच्या जागरण-गोंधळाच्या कॅसेटी आमच्या भागात घराघरांत वाजायच्या, रिक्षात वाजायच्या. आवाज गोड, वाद नाही. पण मग अंगणातल्या वाघ्यानंही तसाच आवाज काढावा असं लोकांना वाटायला लागलं. कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आलं. म्हाळसा-बानूचं भांडण २०१४ साली 'जय मल्हार' मालिकेतून रोज संध्याकाळी घरात यायला लागलं, भरजरी कपड्यांत, संगमरवरी महालात. बायकांनी ती मालिका जीव लावून पाहिली. त्यात कुणी खांबाकडे बघून फटका हाणत नव्हतं, एवढाच माझा आक्षेप.

मग आला दहाचा नियम. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे: रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. नियम चांगला आहे, आजारी माणसांना विचारा. पण रात्रीवर बेतलेली कला तीन तासांत बसवायची म्हणजे मग तळी, एक गण, दोन गाणी, एक सिनेमाच्या चालीचं, आणि पावणेदहाला लंगर. आता पार्टीत मुरळीचं काम करणाऱ्या ज्या बाया मी पाहतो त्या घरसंसाराच्या असतात. नवरा वाघ्या, बायको मुरळी, पोरगं ढोलकीला, मोबाईलवर सुपारी. कुणी कुणाला वाहिलेलं नाही. हे झालं ते फार बरं झालं. बानूची कथा मात्र या सगळ्यात मागे पडली. ती तीन तासांत मावत नाही.

अलीकडे पुतण्याच्या मुलाचं जागरण होतं, दोन इमारतींच्या मधल्या पार्किंगमध्ये. गाड्या बाहेर काढून सतरंज्या टाकल्या. उसाचं मखर झकास, ऊस आता वर्षभर मिळतो. दहा वाजले, पोरांनी ठरल्याप्रमाणे स्पीकरची वायर काढली, आणि पुरुष मंडळी खुर्च्या गोळा करायला लागली. पार्टीतला म्हातारा वाघ्या सामान बांधत होता. चौथ्या मजल्यावरची एक बाई, बीडकडची, नवरा कंपनीत, त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, बानूचं नाही का होणार? आमच्याकडं होतं."

म्हातारा म्हणाला, "माइक न्हाई, बाई."

"माइक कशाला? आम्ही हितं बसतो की जवळ."

त्याची सून पेटी बंद करत होती, ती थांबली. त्यांना दुसऱ्या दिवशी वांबोरीची सुपारी होती, पहाटे निघायचं होतं. त्यांचं आपसात काहीतरी बोलणं झालं. मग म्हाताऱ्यानं पिशवीतून दिमडी काढली, हाताच्या उबेवर तिचं कातडं ताणलं, दोन टिचक्या मारून पाहिल्या. सुनेनं पदर खोचला. बायका सतरंजी ओढत पुढे सरकल्या, लिफ्टच्या दारापर्यंत पसरलेल्या सगळ्या एका वर्तुळात आल्या, आणि माझी वहिनी वॉचमनला जाऊन म्हणाली, "गेट लावू नका अजून. पलीकडच्या विंगमधल्या येतायत."